फाईल उघडली पाहिजे, आणि ती तीच असली पाहिजे

ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातल्या एका विद्यार्थिनीने मला विचारलं आहे: "देशातला बहुतेक मजकूर आता थेट कॉम्प्युटरवरच तयार होतो. तो कंपन्यांच्या सर्व्हरवर असतो, सर्च इंजिन शोधून देतं. मग राष्ट्राची डिजिटल सामग्री सांभाळण्यात ग्रंथालयांनी नेमकं काय करायचं? परीक्षेत लिहितो ते नको, प्रत्यक्षात काय चालतं ते सांगा."

मी सव्वीस वर्षं सार्वजनिक ग्रंथालयात काम करतो आहे, त्यातली अलीकडची चौदा वर्षं डिजिटायझेशनच्या कामात गेली. आधी थोडक्यात उत्तर देतो. कंपनी मजकूर ठेवते तो तिच्या उपयोगाचा असेपर्यंत. संपादक ठेवतो तो वेबसाइटचं भाडं भरणं जमतं तोवर. जो वाचक अजून जन्मालाच आलेला नाही, त्याच्यासाठी मजकूर राखून ठेवणं हे ज्यांचं नेमून दिलेलं काम आहे, अशा संस्था फार थोड्या. ग्रंथालय त्यांतली एक. मजकूर मिळवायचा, त्याची नीट नोंद करायची, पुढची पन्नास वर्षं तो उघडेल अशी तजवीज करायची, आणि कुणी विचारलं तर "ही तीच प्रत आहे, हिच्यात कुणी हात घातलेला नाही" असं छातीठोकपणे सांगता यायला हवं. वर्गात या शेवटच्या गोष्टीला सहसा कमी वेळ मिळतो. आम्हाला ती एका प्रसंगाने शिकवली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा आमच्या भागातल्या एका बंद पडलेल्या साप्ताहिकाच्या संपादकांच्या घरात छातीइतकं पाणी शिरलं. तळमजल्यावरच्या कपाटात अंकांच्या बांधीव फायली होत्या, त्यांचा लगदा झाला. माळ्यावर एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात १९९९ ते २००७ या काळातल्या पानजुळणीच्या एकतीस सीडी होत्या, त्या पुरातून बचावल्या. संपादकांच्या सुनेने तो डबा आमच्याकडे आणून दिला. त्यातल्या नऊ सीडी कुठल्याच ड्राइव्हने वाचल्या नाहीत. घरी लिहिलेल्या सीडीत एक रंगद्रव्याचा थर असतो, उष्णतेने आणि दमटपणाने तो खराब होतो, आणि माळ्यावर दोन्ही भरपूर. उरलेल्या बावीस सीडींवरच्या फायली उघडल्या तेव्हा पडद्यावर मराठीचं एकही अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं, कंस, उद्गारचिन्हं यांची नुसती रांगोळी.

याचं कारण सांगतो, कारण मराठीचा वीस-पंचवीस वर्षांचा छापील मजकूर याच अवस्थेत पडून आहे. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी सगळ्यांची समान पद्धत. ती रुळण्याआधी कॉम्प्युटरवर पानजुळणीची साधनं बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीचे स्वतःचे फॉन्ट असत. फाईलमध्ये साठायचं इंग्रजी अक्षराचं सांकेतिक मूल्य, आणि त्या जागी फॉन्ट मराठीचा एक तुकडा दाखवायचा. अर्धा 'क' एका कळीवर, काना दुसऱ्या, वेलांटी तिसऱ्या. जोवर तो फॉन्ट मशीनवर आहे तोवर सगळं ठीक दिसायचं. फॉन्ट गेला की मजकूर गेला. त्यातही एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांत तुकड्यांच्या जागा वेगळ्या असायच्या.

शेजारच्या तालुक्यातल्या एका छापखान्यात जुनं मशीन अजून चालू होतं, तिथून फॉन्ट मिळाला. मग प्रत्येक तुकड्याला युनिकोडमधलं कोणतं अक्षर द्यायचं याचा तक्ता बनवला, रूपांतर केलं, आणि निवृत्त झालेल्या एका मुद्रितशोधक बाईंनी ओळन् ओळ वाचून काढली. रफार एका अक्षराने पुढे सरकायचा, ऱ्हस्व वेलांटी जोडाक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसायची. आठ महिने लागले. हाती आलं ते असं: ग्रामपंचायतींचे निकाल, गुळाचे सौद्यातले भाव, निधनवार्ता, नळपाणी योजनेवरून झालेली भांडणं, आणि पानोपानी जाहीर नोटिसा. तालुक्याच्या नऊ वर्षांच्या आयुष्याची दुसरी नोंद कुठेही नाही.

काही महिन्यांनी एक बाई आल्या. त्यांना २००३ सालची एक जाहीर नोटीस हवी होती, वारसाहक्काच्या वादासाठी. ती आमच्या फायलींत सापडली. त्यांना केवढा आनंद झाला! मग त्यांच्या वकिलांनी साधा प्रश्न विचारला: हा मजकूर तेव्हा छापला होता तसाच आहे, मधल्या काळात बदललेला नाही, हे कशावरून? आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही उत्साहाच्या भरात सीडीवरून उतरवलेल्या फायली थेट उघडून त्यांवरच काम सुरू केलं होतं. काही फायली 'सेव्ह' होताना बदलल्या होत्या. बांधीव फाईल असती तर पान उघडून दाखवलं असतं. कागद स्वतःची साक्ष देतो, खाडाखोड केली तर दिसते. फाईलची खाडाखोड दिसत नाही.

त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे. कोणतीही डिजिटल वस्तू आत आली की ती उघडण्याआधी तिची जशीच्या तशी प्रत काढायची आणि तिचं हॅश मूल्य नोंदवायचं. हॅश म्हणजे फाईलमधल्या प्रत्येक बिटावरून गणिताने काढलेला ठसा. एसएचए-२५६ पद्धतीने काढला तर तो चौसष्ट अक्षरांचा येतो, आणि फाईलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी अख्खा ठसा बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यायचं असतं, त्याच्या नमुन्यात हॅश मूल्यासाठी जागाच ठेवली आहे. म्हणजे जे आपण जतनासाठी करतो तेच न्यायालयही मागतं. परीक्षेत 'सत्यता' असा एक शब्द लिहून आपण पुढे जातो. प्रत्यक्षात ती एका बाईची जमीन असते.

आता राष्ट्राच्या पातळीवर या. छापील पुस्तकांसाठी आपल्याकडे १९५४ चा कायदा आहे. देशात प्रसिद्ध झालेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत प्रकाशकाने स्वखर्चाने, तीस दिवसांच्या आत, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यायची. ती तीन म्हणजे चेन्नईचं कोनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईत टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय. १९५६ मध्ये दुरुस्ती होऊन त्यात वृत्तपत्रंही आली. प्रत दिली नाही तर दंड पन्नास रुपयांपर्यंत आणि पुस्तकाची किंमत. आजही तेवढाच. पन्नास रुपयांच्या धाकाने कोण प्रत पाठवेल? तरीही बरेच प्रकाशक पाठवतात, आणि त्यांच्यामुळेच हा साठा उभा आहे, हे मनापासून सांगतो.

अडचण वेगळीच आहे. हा कायदा छापील वस्तूंपुरता आहे. ई-पुस्तक, वेबसाइट, फक्त ऑनलाइन निघणारं नियतकालिक, यांतलं काहीच त्याच्या कक्षेत येत नाही. वृत्तपत्राची व्याख्याच 'छापलेलं' या शब्दापासून सुरू होते. याचा अर्थ काय होतो ते मार्च २०२० मध्ये लख्ख दिसलं. टाळेबंदी लागली, मुंबईत काही दैनिकांची छपाई काही दिवस थांबली आणि ई-पेपर तेवढे निघाले. लोक व्हॉट्सअॅपवर पीडीएफ पाठवत होते. शतकातल्या सर्वांत मोठ्या साथीचे सुरुवातीचे दिवस, आणि त्या दिवसांचे ते अंक कायद्याच्या दृष्टीने वृत्तपत्रच नाहीत. कुणीही ते कुठल्याही ग्रंथालयात जमा करायला बांधील नव्हतं. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण'चा पहिला अंक काढला, तो आपण आज वाचू शकतो. २०२० च्या मार्चमधला एखादा अंक १८३२ च्या अंकापेक्षा दुर्मिळ ठरू शकतो, आणि या विचाराने मी खरोखर अस्वस्थ होतो.

दिवाळी अंकांचं पाहा. १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, आणि आपली ग्रंथालयं सभासदांसाठी दिवाळी अंक योजना चालवतात. कार्तिकात सभासदांची रांग लागते. पण गेल्या वीसेक वर्षांत कितीतरी दिवाळी अंक फक्त इंटरनेटवर निघाले. हौशी मंडळींनी जीव ओतून काढलेले, चांगली कविता, चांगल्या मुलाखती असलेले. संपादक मंडळातल्या एकाने डोमेनचं, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचं, नूतनीकरण केलं नाही की अंक गेला. रद्दीतसुद्धा मिळत नाही.

इतर देशांनी काय केलं? नॉर्वेने १९८९ मध्येच असा कायदा केला की माध्यम कोणतंही असो, प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात आलीच पाहिजे. मग २००६ पासून त्यांनी अख्खा संग्रह डिजिटल करायला घेतला. आर्क्टिक वृत्ताच्या जवळच्या मो इ राना या गावात डोंगराच्या पोटात त्यांचं भांडार आहे. हक्कधारकांच्या संघटनेशी करार करून त्यांनी विसाव्या शतकातली नॉर्वेजियन पुस्तकं देशातल्या वाचकाला घरबसल्या खुली केली, आणि लेखकांना त्याचा मोबदला मिळतो. नॉर्वेची लोकसंख्या अर्ध्या कोटीहून थोडी जास्त. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. श्रीमंतीतला फरक मला कळतो. पण त्यांनी पैशांच्या आधी कायदा केला, हेही लक्षात घ्या.

ब्रिटनमध्ये डिजिटल प्रकाशनांसाठीचा कायदा २००३ चा, पण त्याचे नियम यायला एप्रिल २०१३ उजाडलं. या दहा वर्षांत गेलेल्या ब्रिटिश वेबसाइट्स परत आलेल्या नाहीत. त्यानंतर मात्र कायद्याने प्रकाशनांच्या प्रती जिथे जमा होतात ती तिथली सहा ग्रंथालयं देशातल्या वेबसाइट्सची वर्षातून एकदा सरसकट झडती घेतात. क्रॉलर नावाचा प्रोग्राम दुव्यावरून दुव्यावर जात पानं, चित्रं, मांडणी सगळं उचलतो आणि 'वॉर्क' या प्रमाणित फॉर्मॅटमध्ये, तारीख-वेळेसह बांधून ठेवतो. हा फॉर्मॅट २००९ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. नियमाप्रमाणे वाचकाला हा संग्रह बहुतांशी त्या ग्रंथालयांच्या वाचनकक्षातच पाहता येतो, आणि एका ग्रंथालयात एका वेळी एकालाच. प्रकाशकाच्या विक्रीला धक्का नको म्हणून ही अट. आपल्याकडे कायदा होईल तेव्हा हीच तडजोड होणार असं मला वाटतं, आणि ती मान्य करून पुढे जावं. आज वाचनकक्षात बंद असलेली प्रत उद्या खुली करता येते. न ठेवलेली प्रत कधीच खुली होत नाही.

मराठीच्या बाबतीत एक गोष्ट या देशांच्या नमुन्यात बसत नाही. ते डोमेन आणि देशाची सीमा धरून संग्रह करतात. मराठीचा इंटरनेटवरचा सुरुवातीचा मोठा मजकूर परदेशातल्या मराठी माणसांनी लिहिला. 'मायबोली' हे संकेतस्थळ १९९६ पासून चालतं आहे, आणि त्याची मुळं अमेरिकेत आहेत. केवळ भारतीय डोमेनवर झडती घेतली तर हे सगळं निसटेल. आपल्याला देशाच्या सीमेसोबत भाषाही धरावी लागेल. हे राष्ट्रीय ग्रंथालय एकटं करू शकणार नाही, राज्यांच्या भाषिक संस्थांना सोबत घ्यावं लागेल.

आता नोंदीबद्दल. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ग्रंथपालाचं खरं कसब इथे आहे आणि ते आपणच स्वस्तात सोडून देतो आहोत. 'सर्च इंजिन शोधून देतं' असं तुम्ही म्हणता. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. यातला 'ऱ्य' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एक, 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलन्त आणि 'य' जोडून, दुसरा, साध्या 'र'ला हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग 'य'. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. यंत्राला ते दोन वेगळे शब्द आहेत. एक शोधलं तर दुसरं सापडेलच असं नाही. तसंच 'अॅ' आणि 'ॲ'चं. हे दुसरं अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, त्याआधीचा मजकूर पहिल्या पद्धतीने लिहिलेला. आता मागे जा. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे. त्याआधी बहुतेक जण 'कांहीं', 'नाहीं', 'त्यांत' असं लिहीत. तुम्ही 'काही' शोधाल आणि शंभर वर्षांचं मराठी तुम्हाला दिसणारच नाही. स्कॅन केलेल्या पानावरून यंत्र अक्षरं वाचतं तेव्हा 'घ'चा 'ध' होतो, 'भ'चा 'म', 'ब'चा 'व'. शिळाप्रेसवरच्या छपाईत तर विचारूच नका.

माणसांच्या नावांचं तसंच. राम गणेश गडकरी नाटकं स्वतःच्या नावाने लिहीत, कविता 'गोविंदाग्रज' म्हणून आणि विनोदी लेख 'बाळकराम' म्हणून. 'केशवसुत' म्हणजे कृष्णाजी केशव दामले. जिथे ग्रंथपाल बसलेला आहे तिथल्या तालिकेत, म्हणजे ग्रंथसूचीत, गडकऱ्यांची तिन्ही नावं एका माणसाकडे नेतात. जिथे नाही तिथे गडकऱ्यांचे तीन तुकडे होतात. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९५० पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची दोन खंडांत केली, कार्डं हाताने लिहून. आज कुठलाही मराठी डिजिटल प्रकल्प चालू होतो तेव्हा शेवटी दात्यांचे खंड उघडावेच लागतात, कारण मुखपृष्ठ फाटलेल्या पुस्तकाचं साल तिथेच मिळतं.

नोंदीकडे दुर्लक्ष झालं तर काय होतं याचं मोठं उदाहरण आपल्याच देशात आहे. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या प्रकल्पात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने लाखो पुस्तकं स्कॅन झाली. मराठीचीही हजारो. काम प्रचंड होतं आणि ते करणाऱ्यांचे आपल्यावर उपकार आहेत. पण शीर्षकं रोमन लिपीत, टंकणाऱ्याला जशी ऐकू आली तशी लिहिलेली. लेखकाच्या जागी प्रकाशक, सालाच्या जागी भलतंच. पुस्तक आहे पण सापडत नाही, अशी अवस्था. पुढे ते संकेतस्थळ बंद पडलं. तोवर काही जणांनी त्या प्रती 'इंटरनेट अर्काइव्ह'वर नेऊन ठेवल्या होत्या, म्हणून आजही ती पुस्तकं उतरवून घेता येतात. अनेक ठिकाणी प्रती असणं किती मोलाचं असतं ते इथे कळतं. आज आयआयटी खरगपूरकडे असलेली 'राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय' ही सेवा जून २०१८ मध्ये देशाला अर्पण झाली, तिचा मी रोज उपयोग करतो. पण विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो की ती मुख्यतः नोंदी एकत्र आणते आणि मूळ ठिकाणाकडे बोट दाखवते. मूळ ठिकाणच बंद झालं तर बोट हवेत राहतं. शोधून देणं हे एक काम, जपणं हे दुसरं. दोन्ही लागतात.

कॉपीराइटबद्दल फार घोळ घालतात म्हणून कामापुरतं सांगतो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, तो मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ ला मुक्त झालं. जे मुक्त झालेलं नाही त्याचं काय? २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये एक तरतूद आली: बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाकडे पुस्तकाची छापील प्रत असेल तर जतनासाठी ते तिची डिजिटल प्रत ठेवू शकतं. नेटवर टाकू शकत नाही, ठेवू शकतं. मला भेटलेल्या बहुसंख्य ग्रंथपालांना हे माहीत नसतं. ते 'कॉपीराइट आहे, हात लावू नका' म्हणून बाजूला होतात, आणि १९४० च्या दशकातल्या युद्धकाळी निकृष्ट कागदावर छापलेलं पुस्तक पान उलटताना कपच्या होऊन पडत राहतं. कायद्याने दिलेला हक्क वापरा. पुढे हक्काचं काय ते पाहता येईल.

प्रतींची गोष्ट निघालीच आहे तर ऑक्टोबर २०२३ मधला ब्रिटिश लायब्ररीवरचा सायबर हल्ला पाहा. खंडणीखोरांनी प्रणाली कुलूपबंद केल्या, ग्रंथालयाने खंडणी दिली नाही, चोरलेली माहिती त्यांनी उघड केली. मुख्य तालिका वाचकांना परत मिळायला जानेवारी २०२४ उजाडला, तीही फक्त शोधण्यापुरती. मार्च २०२४ मध्ये ग्रंथालयाने स्वतःच अहवाल काढून काय चुकलं ते जगाला सांगितलं. असं धैर्य विरळा. त्यात एक वाक्य आमच्या सगळ्यांसाठी धडा आहे: डिजिटल संग्रहाच्या सुरक्षित प्रती होत्या, पण त्या परत बसवायला धड यंत्रणा उरली नव्हती. 'बॅकअप आहे' एवढ्यावर थांबू नका. तो परत उतरवून, फाईल उघडून पाहिली आहे का, ते विचारा. आम्ही दर सहा महिन्यांनी वीस फायली चिठ्ठ्या टाकून निवडतो, दुसऱ्या गावी ठेवलेल्या हार्ड डिस्कवरून परत आणतो, हॅश जुळवतो आणि उघडून वाचतो. मागच्या खेपेला एक जुळली नाही. तिसरी प्रत होती म्हणून ती दुरुस्त झाली.

"पण हे मोठ्या संस्थांचं काम," असं लहान ग्रंथालयांचे पदाधिकारी मला म्हणतात. महाराष्ट्रात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, हजारो शासनमान्य ग्रंथालयं आहेत, आणि सर्वांत लहान, 'ड' वर्गाच्या ग्रंथालयात एकच सेवक देवघेव, झाडलोट आणि दप्तर तिन्ही पाहतो, तेही तुटपुंज्या मानधनावर. त्याच्याकडून सर्व्हर चालवण्याची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. त्याच्याकडे मात्र अशी एक गोष्ट आहे जी कोलकात्याकडे किंवा दिल्लीकडे कधीच असणार नाही: गावातल्या शाळेची शताब्दी स्मरणिका कोणाकडे आहे, बंद पडलेल्या साप्ताहिकाच्या फायली कोणाच्या माळ्यावर आहेत, हे त्याला ठाऊक असतं. पणजीचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ चं, 'दर्पण'च्याच वर्षातलं. गोव्यातली जुनी मराठी आणि पोर्तुगीज वृत्तपत्रं आज तिथे पाहायला मिळतात, कारण कुणीतरी त्या त्या काळी ती जागच्या जागी गोळा केली. राष्ट्रीय संग्रह वरून खाली येत नाही, तो असा खालून भरत जातो. जिल्ह्याच्या ग्रंथालयाने साठवण आणि तांत्रिक भाग घ्यावा, गावच्याने शोध आणि ओळख.

तुम्ही उद्या कुठे कामाला लागलात तर सुरुवात अशी करा. स्कॅन करताना मूळ चित्र टिफ फॉर्मॅटमध्ये, निदान ३०० डीपीआयने, लहान अक्षर असेल तर ४०० ते ६००. वाचकाला द्यायला पीडीएफ, आणि तोही दीर्घकाळ टिकण्यासाठी ठरवलेला पीडीएफ-ए हा प्रकार, ज्यात फॉन्ट फाईलच्या आतच असतो. फाईलचं नाव आकड्यांत ठेवा, दाखल क्रमांकाशी जुळणारं, मधे जागा न सोडता. पुस्तकाची बांधणी कापून स्कॅन करू नका, कितीही वेळ वाचत असला तरी. प्रती तीन, त्यांतली एक दुसऱ्या गावी. पाच-सहा वर्षांनी हार्ड डिस्क बदला, ती बिघडण्याची वाट पाहू नका. आणि पहिल्या दिवशी पहिल्या फाईलची नोंद पूर्ण करा, मगच दुसरीला हात घाला. 'आधी सगळं स्कॅन करू, नोंदी नंतर' असं म्हणणारे प्रकल्प मी चार पाहिले. चारही ठिकाणी नोंदी झाल्याच नाहीत.

आमच्या तालुक्यात आता छापील साप्ताहिक नाही. एक तरुण मोबाईलवरून बातम्यांचं चॅनल चालवतो, व्हिडिओ आणि व्हॉट्सअॅपवर जाणारं चार पानांचं पत्रक. त्याला पुराच्या सीडींची गोष्ट सांगितली तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो पेन ड्राइव्ह घेऊन येतो. कायदा त्याला तसं करायला सांगत नाही. आम्ही त्याच्यासमोरच प्रत काढतो, हॅश काढतो, पुस्तकांच्याच दाखल नोंदवहीत ओळ लिहितो आणि क्रमांकाची पावती त्याच्या हातात देतो. या महिन्याची ओळ अशी आहे: पत्रकं ४, व्हिडिओ ११, ग्रामसभेचं पूर्ण चित्रीकरण १, आणि शेरा: 'आवाज सुरुवातीची दोन मिनिटं नाही, मूळ फायलीतच नाही.'